पणजीत माध्यम-ग्रंथपालांचं दोन दिवसांचं संमेलन: तारीख, यंत्रं, दमट हवा आणि बाकीची तयारी

मांडवीकाठ

वर्तमानपत्रांची संदर्भ ग्रंथालयं, रेडिओ-दूरचित्रवाणीची टेपघरं, फिल्म संस्था आणि महाविद्यालयांचे माध्यम विभाग अशा ठिकाणी काम करणाऱ्या ग्रंथपालांच्या संघटनेचं संमेलन यंदा पणजीत घ्यायचं ठरलं आहे. साधारण ६० जण धरले आहेत. निम्मे गोव्यातले, बाकीचे मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावकडचे.

कच्चा आराखडा असा: शुक्रवारी सकाळी उद्‌घाटन, मग दिवसभर टेप आणि फिल्म हाताळण्याची प्रात्यक्षिकं. शनिवारी सूचीकरण, हक्क आणि एखाद्या संग्रहाला भेट. शुक्रवारी संध्याकाळी जुना चित्रपट. तारखेसाठी तीन सूचना आल्या आहेत: २७ ऑक्टोबर (जागतिक दृक्‌श्राव्य वारसा दिन), इफ्फीला (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) जोडून नोव्हेंबरअखेर, किंवा जानेवारी.

नुसती भाषणं नकोत. आलेल्या प्रत्येकाने निदान एक रीळ स्वतःच्या हाताने गुंडाळलं पाहिजे, एवढाच आग्रह आहे. ज्यांनी अशी संमेलनं उभी केली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं.

तिसवाडीकर

इफ्फीला जोडू नका. गेली काही वर्षं तो २० ते २८ नोव्हेंबर असतो आणि त्या आठवड्यात पणजीत खोली मिळालीच तर दुप्पट भावाने. कांपालची सभागृहं, ध्वनियंत्रणावाले, प्रोजेक्टरवाले सगळे तिकडे गुंतलेले. त्यातच २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताचे नोव्हेने, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, फेस्त ३ डिसेंबरला. डिसेंबरचा उत्तरार्ध पर्यटकांचा.

२७ ऑक्टोबर दिवस म्हणून चांगला आहे, पण परतीचा पाऊस आणि दिवाळी दोन्ही त्याच्याच आसपास येतात. त्या दिवशी आपापल्या ग्रंथालयात छोटं प्रदर्शन लावावं, संमेलन तेव्हा नको. मार्चही नको: आर्थिक वर्षाची अखेर, परीक्षा, सरकारी ग्रंथपालांना रजा मिळत नाही.

उरतो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे. कार्निव्हालची तारीख दरवर्षी हलते, ती आधी बघून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर सरकारी सभागृहाचं आरक्षण अडकू शकतं. अर्जासोबत दुसरी जागा लेखी धरून ठेवा.

आणि मुख्य म्हणजे दिवसांची अदलाबदल करा. शनिवारी गोव्यातली सरकारी कार्यालयं बंद असतात, म्हणून संग्रहाची भेट शुक्रवारीच हवी. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (स्थापना १८३२) किंवा पुराभिलेख खातं, दोन्हीकडे किमान महिनाभर आधी पत्र द्या आणि २० च्या वर माणसं एका वेळी नेऊ नका. दुर्मिळ विभागात ६० जण शिरले तर दाखवणाऱ्याचा आवाज मागच्यापर्यंत पोचत नाही, आणि वस्तूंवर नजर ठेवायलाही कोणी पुरत नाही.

रीळघर

तिसवाडीकरांची अदलाबदल यंत्रांच्या दृष्टीनेही बरोबर आहे. प्रात्यक्षिकं शनिवारीच घ्या. कारण सांगतो.

गोव्यात टेपेचा शत्रू धूळ नाही, दव आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल थंड वस्तूवर धरू लागते तो, साधारण २६ अंशांवर असतो. म्हणजे २२ अंशांच्या एसी खोलीतून बाहेर आणलेल्या यंत्राच्या ड्रमवर (टेप ज्याभोवती फिरते त्या दंडगोलावर) लगेच ओल धरते. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि ताणून सुरकुतते. यू-मॅटिक आणि बीटाकॅम या व्यावसायिक व्हिडिओ कॅसेटच्या डेकमध्ये (चालवायच्या यंत्रात) ओल ओळखणारा सेन्सर असतो, तो डेक चालूच होऊ देत नाही. मग लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ५५ टक्के असेल तर दवबिंदू २० अंशांवर येतो आणि तेच यंत्र सुखरूप राहतं. एवढ्या एका कारणासाठीही मी जानेवारीला मत देईन.

करायचं असं. यंत्रं, टेपा आणि फिल्मचे डबे शुक्रवारी सकाळी सभागृहाच्या शेजारच्या खोलीत आणा. सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून चिकटपट्टी लावलेलं हवं. एसी २३-२४ अंशांवर ठेवा आणि रात्रभर चालू राहील असं व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथेच: रात्री ९ वाजता रखवालदार एसी बंद करतो, पहाटे सफाईसाठी दारं उघडतात आणि थंड यंत्रांवर बाहेरची दमट हवा येते. पिशव्या शनिवारी सकाळी ८ नंतरच उघडा. खोलीत २ साधे आर्द्रतामापक ठेवा, एक टेबलावर, एक दाराजवळ. ५०-५५ टक्क्यांच्या वर गेलं तर घरगुती डीह्युमिडिफायर लावा आणि त्याची टाकी दर ४-५ तासांनी बघा.

बुरशी लागलेली टेप खोलीत उघडायची नाही. झिप पिशवीत बंद ठेवून बाहेरून दाखवा आणि जवळून काढलेला फोटो पडद्यावर मोठा करा. ती एकदा चालवली की यंत्राचा हेड (टेप वाचणारा भाग) घाण होतो आणि पुढच्या प्रत्येक टेपेवर बुरशी जाते.

नायट्रेट फिल्म आणू नका, कुणी आणतो म्हणाला तरी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेट असू शकते. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. सभागृहात तिचं काही काम नाही.

सूचीवही

रीळघर, ६० जणांना प्रात्यक्षिक कसं देणार? एका टेबलाभोवती ७-८ पेक्षा जास्त माणसं असली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात.

रीळघर

बरोबर. म्हणून दोन तुकड्या करा. सकाळी ३० जण टेबलांवर आणि ३० जण सूचीकरणाच्या सत्रात, जेवणानंतर उलट. टेबलं ४, प्रत्येकावर ७ ते ८ जण. फेरी ३५ मिनिटांची, बदलायला ५ मिनिटं. ४ फेऱ्यांना २ तास ४० मिनिटं लागतात, म्हणजे सकाळी ९:४५ ला सुरू केलं तर १२:२५ ला संपतं. मध्ये चहा घालू नका, फेऱ्या विस्कटतात.

पहिलं टेबल पाव इंची ध्वनिटेपेचं. रीळ उजेडासमोर धरून ॲसिटेट की पॉलिएस्टर हे ओळखणं: ॲसिटेटमधून उजेड आरपार येतो, पॉलिएस्टर अपारदर्शक दिसतं. मग हेड आणि गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, पण टेप पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल लावायचं नाही, रबर कडक होऊन चिरतं. मग हेडचा कोन कानाने जुळवणं: दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करून वरचे स्वर सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. रेडिओच्या बऱ्याच टेपा सेकंदाला १९ सेंमी वेगाच्या असतात. ७ इंची रिळावर १२०० फूट टेप असेल तर ३२ मिनिटं चालते, म्हणून ऐकवायला ५ मिनिटांचा तुकडा आधीच खूण करून ठेवा.

दुसरं टेबल व्हिडिओ कॅसेटचं. जुनी व्हीएचएस उघडून आतले भाग, तुटलेला लीडर (टेपेच्या टोकाची कोरी पट्टी) जोडणं, कॅसेटचं कवच बदलणं. सरावासाठी १०-१२ टाकाऊ व्हीएचएस लागतील, त्या स्क्रूसकट मिळवा. जोडणीची पट्टी खास व्हिडिओची हवी. साध्या सेलोटेपचा गोंद हेडवर जातो.

तिसरं टेबल १६ मिमी फिल्मचं. गुंडाळणीचं बाक, भिंग, स्प्लायसर (फिल्म जोडायचं साधन), धागे न सोडणारे हातमोजे. १६ मिमीच्या एका फुटात ४० चौकटी असतात आणि २४ चौकटींच्या वेगाने ४०० फूट म्हणजे ११ मिनिटं. हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या, एकदा केलं की डब्यावरच्या फुटांवरून कालावधी कायमचा काढता येतो. ॲसिटेट फिल्म कुजताना व्हिनेगरच्या वासाचं आम्ल सुटतं, ते ओळखण्यासाठी ए-डी पट्ट्या (आम्लाने रंग बदलणारा कागद) ठेवा. निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होते. पण पट्टी डब्यात किमान २४ तास राहायला हवी, म्हणून शुक्रवारी सकाळीच घाला. ऐनवेळी घातली तर सगळ्या पट्ट्या निळ्याच दिसतात आणि शिकवण्यासारखं काही उरत नाही.

चौथं टेबल छायाचित्रं, निगेटिव्ह आणि कात्रणं. वर्तमानपत्रवाल्यांसाठी हेच सगळ्यात उपयोगाचं. पीव्हीसीची पाकिटं काढून पॉलिएस्टर किंवा आम्लरहित कागदाची घालणं, मागे बॉलपेनने लिहिण्याऐवजी मऊ पेन्सिल, गंजलेल्या टाचण्या काढताना कागदाखाली पातळ प्लास्टिक सरकवणं.

चित्रशाळा

चिकट झालेल्या टेपा भाजण्याचं, म्हणजे मंद उष्णतेत ठेवून पुन्हा चालण्याजोग्या करण्याचं, प्रात्यक्षिक प्रत्यक्ष दाखवता येईल का? लोकांना त्याचं फार कुतूहल असतं.

रीळघर

प्रत्यक्ष नाही, वेळेत बसत नाही. साधारण ५४ अंशांवर पाव इंची टेपेला ८ तास आणि नंतर तेवढाच वेळ थंड व्हायला. एकाच बॅचच्या दोन टेपा मिळवा, एक आधी भाजून आणा, एक तशीच. तशी टेप २-३ सेकंद चालवून किंचाळते तो आवाज ऐकवा आणि लगेच थांबवा. मग भाजलेली लावा. स्वयंपाकाचा ओव्हन वापरायचा नाही, त्याचं तापमान खूप वरखाली होतं. ॲसिटेट टेप कधीच भाजायची नाही, ती आक्रसते आणि कायमची जाते. म्हणूनच पहिल्या टेबलावर उजेडाची परीक्षा आधी आहे. भाजल्यावर टेप काही आठवडेच नीट चालते, तेवढ्यात डिजिटल प्रत करून घ्यायची.

फेजन्यूट्रल

विजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जागा बघायला जाताना हातात सॉकेट टेस्टर घेऊन जा आणि अर्थिंग तपासा. अर्थिंग कच्चं असेल किंवा ध्वनियंत्रणा आणि टेप डेक वेगवेगळ्या फेजवर असतील तर ५० हर्ट्‌झची घरघर येते आणि ऐकणाऱ्याला ती टेपेतलीच वाटते. डेक, मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप एकाच फेजवर घ्या. एसी आणि चहाची किटली त्या फेजवर नको.

जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वीज गेल्यावर जनरेटर येईपर्यंत १०-२० सेकंद जातात आणि तेवढ्यात टेप ड्रमभोवती अडकलेली राहते. डेकना ऑनलाइन प्रकारचा १ केव्हीए यूपीएस द्या. अमेरिकेतून आलेला डेक असेल तर तो ११० व्होल्टचा आहे का ते मागच्या पट्टीवर वाचा, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

सभागृहाच्या नव्या प्रोजेक्टरला बहुतेक वेळा कॉम्पोझिट इनपुट (जुन्या व्हिडिओ यंत्रांची जोडणी) नसतं. म्हणून एवढं सोबत ठेवा: कॉम्पोझिटवरून एचडीएमआय करणारा डबा, बीएनसी-आरसीए जोड ६, एक्सएलआर वायरी ४, काचेचे फ्यूज, आणि डेकचे जास्तीचे पट्टे. जुन्या रबरी पट्ट्यांचं काळं डांबर होतं. यंत्र वर्षभर बंद होतं तर संमेलनाच्या आठवडाभर आधी रोज अर्धा तास चालवा, आणि पहिली टेप नेहमी कोरी घाला, संग्रहातली नाही.

प्रत्येक टेबलाच्या वर स्टँडवर एक मोबाइल कॅमेरा लावून छोट्या टीव्हीवर दाखवलं तर मागच्यांनाही हात दिसतात.

सूचीवही

सूचीकरणाच्या सत्रासाठी माझी सूचना. नियम वाचून दाखवू नका, गोव्याच्याच नावांवर काम द्या, कारण इथे प्रश्न जिवंत आहे. पणजी, पणजीं, पंजिम, नोव्हा गोवा (१८४३ पासूनचं अधिकृत नाव) ही एकाच गावाची चार रूपं एकाच संग्रहात सापडतात. साष्टी-साल्सेत, बार्देश-बार्देज, मडगाव-मारगांव तसंच. कोकणी देवनागरीत आणि रोमीत (रोमन लिपीत), मराठी मजकूर, पोर्तुगीज वर्तमानपत्रं. ‘ओ हेराल्डो’ १९०० साली पोर्तुगीजमध्ये निघालं आणि १९८३ पासून इंग्रजी झालं, म्हणजे एकाच शीर्षकाच्या नोंदीत भाषा बदलते. ती दोन नोंदी करायची की एक, यावर अर्धा तास सहज जातो आणि जायलाच हवा.

पद्धत: ६-६ जणांचे ५ गट, प्रत्येकाला १० वस्तूंची प्रतिमा-पाकिटं. कात्रण, फोटोमागची टीप, टेपेचं लेबल, तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) ध्वनिमुद्रणाची चिठ्ठी, ‘एमिसोरा डी गोवा’ (पोर्तुगीज काळातलं रेडिओ केंद्र) अशी खूण असलेली १९६१ पूर्वीची टेपची पेटी. गटाने मान्य रूप ठरवायचं, बाकीची रूपं मान्य रूपाकडे नेणाऱ्या ‘पाहा’ नोंदीत घालायची आणि कारण एका ओळीत लिहायचं. शेवटी ५ गटांची मान्य रूपं फळ्यावर शेजारीशेजारी. ती जुळत नाहीत हेच सत्राचं खरं काम. त्यातून निघणारी १००-१५० नावांची यादी सगळ्यांना पाठवली तर संमेलनानंतरही वापरात राहते.

लेबल जे म्हणतं ते तसंच उतरवायचं, चुकीसकट. आपली दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. नवीन लोक इथे हमखास घसरतात.

चित्रशाळा

संध्याकाळच्या चित्रपटाबद्दल. प्रिंट किंवा फाइल मिळाली म्हणजे दाखवायचा हक्क मिळाला असं नाही. संग्रहालय प्रत देतं, परवानगी हक्कधारकाची लागते. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० चा चित्रपट २०२० च्या अखेरीस मोकळा झाला. पण त्यातली गाणी आणि संगीत ही वेगळी कृती आहेत, त्यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मूकपट किंवा संघटनेच्याच सदस्यांच्या संग्रहातलं, लेखी परवानगी असलेलं वृत्तचित्रण. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेलं काही जाहीरपणे दाखवायचं तर सूट आधी मिळवावी लागते, त्याला वेळ लागतो.

हक्कांच्या सत्रात एक मुद्दा नक्की घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मोकळीक आली, पण ती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, आणि मूळ प्रत आधीच त्यांच्याकडे असेल तर. वर्तमानपत्राचं किंवा वाहिनीचं अंतर्गत ग्रंथालय त्यात आपोआप बसत नाही. त्यांना मालकीच्या करारावर जावं लागतं. अर्धे सदस्य अशाच ग्रंथालयांतले आहेत, त्यांना हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. धालो, जागर, तियात्र अशा गोव्याच्या लोककलांच्या ध्वनिमुद्रणांत कलाकारांचा स्वतंत्र हक्क असतो, तो ५० वर्षांचा.

तिसवाडीकर

येणं-जाणं थोडक्यात. दाबोळी विमानतळाहून पणजी सुमारे ३० किमी, मोपा विमानतळ त्याहून लांब. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी सांगा, मडगाव नको. इथे ओला-उबर नाही, रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठी दोन मिनीबस ठरलेल्या वेळांना लावा आणि त्या वेळा निमंत्रणपत्रातच छापा. यंत्रं आणणारी गाडी वेगळी, बंद टपाची. यू-मॅटिक डेक दोघांनी उचलायचा, जिना असेल तर चौघे.

जेवणात माशाचं ताट हवं की शाकाहारी हे अर्जातच विचारा. उपवासाचा रकाना ठेवाच. तारीख चाळीसाच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) काळात गेली तर शुक्रवारी ख्रिस्ती सदस्य मांस खात नाहीत, मासे खातात. सकाळी पातळभाजी-पाव आणि बन, पण दुसऱ्या मजल्यावर किंवा बाहेरच्या ओसरीत. टेबलांच्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा नको.

जमाखर्च

पैशांचं एक सोपं गणित. खर्च दोन भागांत मांडा: माणसं किती आली तरी लागणारा आणि माणसागणिक लागणारा. समजा पहिला ९०,००० (सभागृह, ध्वनी, यंत्रांची वाहतूक, यूपीएस) आणि दुसरा १,८००. ६० जण धरले तर शुल्क ३,३०० येतं. पण आले ४५ तर खर्च १,७१,००० आणि जमा १,४८,५००. २२,५०० ची खोट. म्हणून शुल्क ४५ वर ठरवा, ३,८००. जास्त आले तर उरलेल्यातून विद्यार्थ्यांना सवलत द्या.

सरकारी आणि महाविद्यालयीन ग्रंथपालांना कर्तव्यरजा हवी असते. त्यासाठी संघटनेच्या लेटरहेडवर निमंत्रण, तारीखवार कार्यक्रम आणि संस्थेच्या नावाने पावती, किमान ४५ दिवस आधी. उपस्थितीचं प्रमाणपत्र शनिवारी संध्याकाळीच हातात द्या. टपालाने पाठवतो म्हटलं की सहा महिने फोन येत राहतात. परदेशी वक्ता बोलवायचा असेल तर त्याला पर्यटक व्हिसावर आणू नका.

मांडवीकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. जानेवारीचा शेवटचा शुक्रवार-शनिवार पक्का करतोय, प्रात्यक्षिकं शनिवारी. संमेलनाचं ध्वनिमुद्रण कसं ठेवावं?

रीळघर

मिक्सरच्या ऑक्स आउटमधून रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण १ जीबी, १२ तासांना १२-१३. शेजारी दुसरा रेकॉर्डर खोलीचा आवाज घेत राहू दे. प्रश्न विचारणाऱ्याकडे माईक पोचत नाही तेव्हा तोच वाचवतो. फक्त कॅमेऱ्याच्या माईकवर विसंबू नका, पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, सत्र क्रमांक, वक्त्याचं आडनाव, या क्रमाने. संमतीचा अर्ज नोंदणीच्याच टेबलावर भरून घ्या: मुद्रण, सदस्यांपुरतं वापरणं, जाहीर करणं, असे तीन वेगळे रकाने. वक्त्यांची सादरीकरणं बोलण्याआधी घ्या, नंतर मिळत नाहीत. त्याच रात्री चेकसम (फाइल बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढून तीन प्रती, त्यातली एक गोव्याबाहेरच्या सदस्याकडे.

प्रात्यक्षिकात डिजिटल प्रतही दाखवणार असाल तर जागा आधी मोजा. ध्वनी ९६ किलोहर्ट्‌झ २४ बिट स्टिरिओ तासाला २ जीबी, पण असंकुचित १० बिट पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा) व्हिडिओ तासाला १०० जीबीच्या आसपास. एफएफव्ही१ या दर्जा न गमावता संकुचित करणाऱ्या प्रकारात साधारण निम्मा. १ टीबी रिकामी एसएसडी पुरेल.

सूचीवही

एक राहिलं. नोंदणीच्या अर्जात ‘तुमच्याकडे कोणती यंत्रं चालू आहेत’ हा प्रश्न घाला: डेक, रिळयंत्र, स्कॅनर, मॉडेलसकट. दुरुस्तीला पट्टा किंवा हेड कुणाकडे मिळेल, कुणाच्या डेकवर कुणाची टेप चालवता येईल, हे त्या यादीतून कळतं. शनिवारच्या शेवटच्या तासात ती यादी छापून वाटा.

मांडवीकाठ

घालतो. अर्ज सोमवारी कार्यकारिणीकडे जाईल. कोरी यू-मॅटिक टेप आणि चालू स्थितीतला पाव इंची डेक कुणाकडे असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गोव्यात आतापर्यंत दोनच डेक मिळाले आहेत आणि पर्यायी यंत्र म्हणून तिसरा हवाच.